मागणे आणि भेटणे

नसरापूरच्या बनेश्वराच्या देवळातील मोठी घंटा आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी वाजविली असेल. पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने येऊन चेलाडीच्या फाट्यावरून आत वळले की थोड्याच अंतरावर हे बनातील देवस्थान लागते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली ते बांधविले. परंतु देवळातील ती घंटा देवळाहून वयाने मोठी आहे. तिच्यावर १६८३ हे साल आहे आणि क्रूसाचे चिन्हही आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई सर केली, तेव्हा पोर्तुगीजांकडून जे हाती आले त्यातील ही एक, असे सांगतात. मेणवलीस व भीमाशंकरासही अशाच घंटा आहेत. जिने एके काळी ख्रिस्ताच्या भक्तांस प्रार्थनेस बोलाविले, ती आज शंकराच्या भक्तांची वर्दी देते, आणि तिच्या नादात त्यामुळे काही उणे आले असे आमच्या तरी कानांस कधी वाटले नाही.

रोमन पंथी ख्रिस्ती लोकांत सकाळ, दुपार व सायंकाळ अशी तीन वेळा घंटा वाजवून देवाचे स्मरण करण्याची जुनी रीत आहे. आपल्या त्रिकाल संध्येची आठवण व्हावी अशीच ती आहे. हे मनात येण्याचे कारण असे की, एका मोठ्या घरातील सुनेने आम्हांस मध्यंतरी एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी पूजा होते, स्तोत्रे होतात, एकादशी चुकत नाही. परंतु इतक्या वर्षांत देव आपल्या ओळखीचा झाला असे वाटत नाही. कोणाकडे तरी रोज निरोप ठेवून यावे आणि त्याची गाठ कधी पडूच नये, तसे होते. असे का?"

प्रश्न थोरल्या अधिकाराचा होता आणि आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. स्वतःच्या घरातील वस्तू रोज पाहून दिसेनाशी होते, तेव्हा शेजारच्या घरी जाऊन पाहावे, म्हणजे आपलीही पुन्हा दिसू लागते. म्हणून या वेळी आम्ही ख्रिस्ती जीवनातील प्रार्थनेविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हे शेजार काही दूरचे नव्हे. १८९३ साली स्थापन झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे ठाणे पुढे आमच्या नसरापुरातच होते. आणि ज्यांची उदाहरणे आम्ही देणार आहो ती माणसे तर आपल्याच घरांतून निघालेली आहेत.

प्रथम ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप थोडक्यात पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिष्यांस प्रार्थना कशी करावी हे सांगितले आहे. लोकांस दिसेल अशी करू नका, आपल्या खोलीत जा व दार लावून घ्या; शब्दांचे पाल्हाळ नको, कारण तुम्हांस काय पाहिजे हे मागण्यापूर्वीच बाप जाणतो, असा त्याचा आशय आहे. येथे सुज्ञ वाचक विचारील की, जाणतो तर मग मागावयाचे कशास? याच प्रश्नात सारे मर्म आहे. जो आपली गरज जाणतो त्याच्यापाशी जाण्याचा हेतू माहिती देणे हा असू शकत नाही. जाणे हाच हेतू उरतो. घरातील मूल "आई, भूक लागली" म्हणते, तेव्हा आईस ते ठाऊक असतेच. परंतु मुलाने न बोलता ताट ओढून घेतले, तर त्या घरात काही तरी बिघडले आहे असे आपण समजतो.

त्यानंतर जी छोटीशी प्रार्थना शिकविली आहे तिचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी देवाचे नाव, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा. आणि हे तिन्ही झाल्यावर चौथ्या जागी रोजची भाकर. पुढे क्षमा, आणि शेवटी मोहापासून व वाइटापासून सुटका. शिवाय त्या प्रार्थनेत "मला" असा शब्दच नाही, सर्वत्र "आम्हांस" आहे. बंद खोलीत एकट्याने म्हणावयाची प्रार्थनाही सर्वांच्या वतीने म्हणावयाची आहे. संस्कृताच्या मास्तरास येथे आपल्या गायत्रीची आठवण होणे साहजिक आहे. तीतही बुद्धीस प्रेरणा मागितली आहे ती अनेकवचनात. आम्ही ती चाळीस वर्षे जपली, मुलांस तिचा अन्वय शिकविला, परंतु त्या अनेकवचनात आपले भावजय-पुतणेही येतात, हे कधी लक्षात घेतले होते काय, असे आम्ही आम्हांलाच विचारतो.

आता उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे आपल्यांत घर नसेल. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. शास्त्रीबोवांनी पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले, आणि सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. जवळ होते ते दान केले, उपासतापास केले, देवळांतून धरणे धरल्यासारखे बसले. शेवटी पाने आणि पाणी यांवर दिवस काढले. आईबाप गेले, थोरली बहीण गेली. रमाबाई व त्यांचे बंधू मात्र राहिले. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी त्या विदुषीस "पंडिता" व "सरस्वती" या पदव्या दिल्या. पण पुराणांतील सहस्रावधी श्लोक मुखी असलेली ही बाई त्या वेळी आतून रिती झाली होती. पुढे बंधू गेले, विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत पतीही गेले. तान्ही मुलगी मनोरमा जवळ राहिली. १८८३ साली इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या लोकांस यापुढील भांडण तेवढे ठाऊक असते. शारदासदन १८८९ साली मुंबईस निघाले, पुढल्या वर्षी पुण्यास आले, आणि १८९३ साली त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले ते सर्वविश्रुत आहे. त्याचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस सांगावयाची गोष्ट निराळी आहे, आणि ती स्वतः रमाबाईंनीच आपल्या १९०७ सालच्या निवेदनात प्रांजळपणे सांगितली आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु ख्रिस्त मिळालेला नाही. मते पटली होती, उपासना होत होती, सेवाही हातून घडत होती. परंतु ज्याच्याशी बोलावयाचे तोच अनोळखी होता. त्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे व्यासपीठावरून उपदेश करीत होता आणि एके दिवशी उपदेश करता करता त्यास कळले की, आपण जे सांगतो ते आपणांसच लाभलेले नाही. रमाबाईंनी हे वाचले आणि त्यात आपले प्रतिबिंब पाहिले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या बाईने एका धर्माकरिता आप्त, समाज, कीर्ती यांवर पाणी सोडले, तिलाही धर्म बदलल्याने देव भेटला नाही! प्रश्न विचारणाऱ्या त्या सुनेचे दुःख आणि रमाबाईंचे १८९१ सालचे दुःख एकच आहे. म्हणजे हा दोष अमुक धर्माच्या पूजेचा आणि तमुक धर्माच्या उपासनेचा नव्हे. मनुष्य कोठेही गेला तरी आपली सवय बरोबर नेतो, आणि देवाशी परभारे व्यवहार करण्याची सवय फार चिवट असते.

मग रमाबाईंनी केले काय? नवे पांडित्य त्यांनी केले नाही. आहे तशीच, काही योग्यता न मिळविता, मी तुझ्यापुढे आले आहे, एवढेच त्यांनी देवास सांगितले, आणि तेथून पुढे रोजच्या लहानसहान गोष्टीही त्याच्यापुढे ठेवण्यास आरंभ केला. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर याचे चरित्र त्यांनी वाचले होते. हजारो अनाथ मुलांचा संभार या म्यूलरने कोणा मनुष्याकडे पैसा न मागता, केवळ प्रार्थनेच्या आधारावर चालविला आणि त्याची टिपणे ठेविली. १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली व विधवा घेऊन परतल्या. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावी त्यांनी जे मुक्तिसदन वसविले, ते याच पायावर. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी सुमारे बावीस वर्षांनी दुष्काळातील परक्या मुलींची आई झाली. तिच्या पहिल्या प्रार्थनेस उत्तर मिळाले नव्हते असे आम्ही पूर्वी समजत होतो. आता तसे निश्चयाने म्हणवत नाही.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुक्तिसदनातील स्त्रियांस विचारले की, रोज एकत्र जमून प्रार्थना कोण करील? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली आणि दिवसातून दोनदा त्या जमू लागल्या. त्या प्रार्थना स्वतःच्या सुखाकरिता नव्हत्या, इतरांकरिता होत्या. यास ख्रिस्ती लोक मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. दुसऱ्याचे नाव घेऊन त्याचे दुःख देवापुढे मांडणे, हा तिचा प्रकार. ज्या मुलींना काल खावयास नव्हते त्यांनी आज जगाकरिता मागावे, यापरते मागण्याचे रूपांतर दुसरे कोणते?

आणखी एक गोष्ट सांगून हे उदाहरण पुरे करू. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. संस्कृतात पदव्या मिळविलेल्या या बाईने ते मुद्दाम साध्या मराठीत केले, कारण खेड्यातील अशिक्षित बायकांस संस्कृतप्रचुर भाषा कळत नाही. देवाशी ज्या भाषेत बोलावयाचे ती चुलीपाशी बोलता येणारी असावी, असा तिचा आशय. १९२१ साली कन्या मनोरमा गेली, तरी हाती घेतलेले काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः निवर्तल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. आमच्यासारख्या, जड शब्दांवाचून ज्यांचे पान हलत नाही अशा मास्तरांनी त्यातून काही धडा घ्यावा!

दुसरे उदाहरण टिळक दांपत्याचे. नारायण वामन टिळकांस आगगाडीच्या प्रवासात एका गृहस्थाने बायबल दिले, ते त्यांनी वाचावयास घेतले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर तो वज्राघात होता. त्या कित्येक वर्षे आपल्या सोवळ्यात राहिल्या, आणि १९०० साली त्यांनीही तोच मार्ग घेतला. परंतु पतीच्या आग्रहास्तव नव्हे. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हा विचार आधी त्यांच्या स्वतःच्या मनात पिकला. "स्मृतिचित्रे" ज्यांनी वाचली आहेत त्यांस ठाऊक आहे की, ती बाई देवाशी काय आणि नवऱ्याशी काय, मनात एक व मुखात दुसरे असे कधी बोलली नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेवर आपली प्रार्थना चालत नाही, मग तो दुसरा कवी टिळकांएवढा मोठा का असेना, हे लक्ष्मीबाईंपासून शिकावे. टिळकांनी आपल्या प्रार्थनेस परका पेहेराव घातला नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते मानीत आणि "अभंगांजली"त त्यांनी ख्रिस्ताशी अभंगातून संभाषण केले. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून आजही गाइली जातात. त्यांचे "ख्रिस्तायन" १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

आता थोडे आमच्याविषयी. लिहावे की लिहू नये, असा विचार पुष्कळ केला. परंतु ज्याने दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहिले त्याने आपले दारही उघडे ठेवावे.

काही वर्षांपूर्वी आमचे कुटुंब दीर्घ दुखण्याने गेले. त्या काळात घरात जप झाला, बनेश्वरास अभिषेक झाला, लघुरुद्र झाला. आम्ही स्वतः नवस बोललो. गीतेत भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांतील आर्त भक्ताचे लक्षण आम्ही वर्गात किती वेळा विशद केले असेल! परंतु ती गेली त्या दिवशी तेराव्याची वाटही न पाहता आमच्या मनाने निश्चय केला की, येथून पुढे याच्याशी व्यवहार नाही. लोकलाजेस्तव सर्व विधी यथासांग केले, आणि मग पळीपंचपात्री फळीवर ठेवून दिली. सहा महिने ती खाली आली नाही.

आमचे एक जुने सहकारी होते, गणिताचे शिक्षक, धर्माने ख्रिस्ती. सायंकाळी ते येऊन बसत. बोलणे फारसे होत नसे. एके दिवशी आम्ही सारी मळमळ त्यांच्यापाशी ओकलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, हे आपण मला सांगता आहा. ज्याच्यावर रागावला आहा, त्याला सांगितलेत काय?"

आम्ही म्हटले, "देवास असे बोलावे काय?"

ते म्हणाले, "आमच्या शास्त्रात दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतील कितीतरी गाऱ्हाण्यांची आहेत. एक तर अंधारातच संपते, शेवटी समाधानाची एक ओळदेखील नाही. तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकले नाही. माझा मुलगा गेला तेव्हा मी वर्षभर रोज पहाटे ठरल्या वेळी गुडघे टेकून एवढेच म्हणत असे की, मी तुझ्याशी बोलणार नाही. वर्षाने माझ्या ध्यानात आले की, रोज त्याच वेळी जाऊन हे सांगणे म्हणजे मी त्याच्याशी बोलतच होतो."

आम्ही निरुत्तर झालो. पुढे त्यांनी गेथशेमाने बागेची कथा सांगितली. धरून नेण्यापूर्वीच्या रात्री येशूने त्या बागेत तीन वेळा प्रार्थना केली की, शक्य असेल तर हा दुःखाचा पेला माझ्यापासून टळावा. तो टळला नाही. "म्हणजे," ते म्हणाले, "आमच्या धर्मात सर्वांत मोठ्या प्रार्थनेलाच मागितलेले मिळालेले नाही. तरी त्या रात्री त्याने बाप म्हणणे सोडले नाही, आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हणून तो उठला. आम्ही प्रार्थना शिकतो ती त्या रात्रीपासून."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पंचपात्री खाली घेतली. भांड्यावर धूळ होती, ती पुसली. संध्या केली की नाही हे सांगत नाही. परंतु आयुष्यात प्रथमच मंत्रावाचून, विभक्तिप्रत्ययाची फिकीर न करता, जे मनात होते ते सर्व बोललो. त्यात स्तुती मुळीच नव्हती. सूर्य वर आला तेव्हा उत्तर काही मिळालेले नव्हते. मात्र खोलीत आपण एकटे नाही असे वाटले. त्या दिवसापासून आम्ही मागणे सोडले असे नाही. नातवास ताप आला की आम्ही आजही मागतो. फरक इतकाच की, पूर्वी मागणे झाले की आम्ही उठत असू, आता थोडे बसतो.

त्या सुनेस आमचे उत्तर हेच की, मुली, निरोप ठेवून घाईने परत फिरू नकोस, थोडी थांब. तुला एकांत नाही आणि दार लावून घ्यावयास स्वतंत्र खोलीही नाही, हे आम्ही जाणतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू आचारी होता. भांड्यांच्या खणखणाटातही आपण देवाच्या सान्निध्यात असतो, असे तो सांगे. आपल्या जनाबाईस जात्यापाशी हेच लाभले होते. सकाळी चहाचे आधण येईपर्यंतचा वेळ तुझाच आहे. त्यात घरातील एकेकाचे नाव घे, ज्याच्याशी बोलणे सोडले असशील त्याचे आधी घे. रात्री दिवा मालविताना दिवसभरात काय मिळाले व कोठे चुकले याचा झाडा स्वतःशी घे. राग असेल तर तोही सांग. सुचेनासे झाले तर गप्प बस. पुष्कळ वर्षांच्या संसारात नवराबायकोही काही सारखी बोलत नसतात.

आमच्या त्या गणिताच्या स्नेह्यांस जाऊनही आता दोन वर्षे झाली. ते गेल्यावर आम्ही बनेश्वरास गेलो आणि त्यांच्या नावाने ती घंटा एकदा वाजविली. क्रूसाची खूण अंगावर बाळगून ती इतकी वर्षे शंकरापुढे नांदते आहे. त्यांच्याकरिता तीच योग्य, असे आम्हांस वाटले.